न लिहिलेली नोंद
(दिघी येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



राजपुरी खाडीच्या मुखावरील या दिघीच्या धक्क्यावर ९ जानेवारी १९९३ च्या रात्री शस्त्रास्त्रे उतरली. माल घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्याजवळ पोलिसांनी अडवली आणि लाच ठरवून, तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेऊन सोडून दिली. न्यायालयात हे सारे सिद्ध झाले. त्या रात्री जो पंचनामा व्हायला हवा होता, तो झाला नाही. फेब्रुवारीत याच तालुक्यातील शेखाडीला आणखी साठा उतरला आणि १२ मार्चला मुंबईत २५७ निरपराधांचे प्राण गेले.

योगायोग असा की, त्याच वर्षी संसदेने सार्वजनिक अभिलेख अधिनियम संमत केला. प्रत्येक केंद्रीय कार्यालयात अभिलेख अधिकारी नेमावा, विहित पद्धतीवाचून कागद नष्ट करू नये, केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास वा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. राज्याचा तसाच कायदा २००५ चा. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेखांची सूची करणे बंधनकारक केले. कार्यालयांत ‘अ’ वर्गाचे कागद कायम, तर ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे जपण्याची शिस्त तर जुनीच आहे.

परंतु हे सर्व नियम जन्मलेल्या कागदाचे रक्षण करतात. जो कागद जन्मालाच आला नाही, त्याचे काय? माहिती मागणाऱ्याला उत्तर मिळते, ‘अभिलेख उपलब्ध नाही’, आणि प्रकरण तिथेच संपते.

म्हणून कोणती नोंद किती वर्षे जपावी याच्या आधी, कोणती नोंद केलीच पाहिजे, कोणी, किती वेळात, आणि ती दुसऱ्या कोणाच्या नोंदीशी पडताळायची, हे ठरले पाहिजे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिवाकडे राजपत्रे तपासण्याचे व महालांचे हिशेब पाहण्याचे काम होते, ते याच जाणिवेतून. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. पोलीस ठाणे, सीमाशुल्क आणि बंदर यांच्या वह्या एकमेकींशी नित्य ताडून पाहिल्या, तर एका वहीतील मौन दुसरी वही उघड करील.

आज दिघीला मोठे बंदर आहे. २०२४ मध्ये औद्योगिक नगरीलाही केंद्राने मंजुरी दिली. जहाजे वाढतील, जमिनींचे व्यवहार वाढतील. संगणक येईल, पण संगणकही भरले तेवढेच सांगतो. १९९३ ची किंमत मोजलेल्या किनाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे: आज रात्रीची नोंद कोण करणार, आणि उद्या सकाळी ती कोण तपासणार?