तलावातली बेशरम आणि आपला दावा

(तलाव-बोडीवाल्या गावांच्या बैठकीतलं बोलणं)



बाया-भावांनो, बेशरम सगळ्यांनी पाहिली आहे, तरी नीट ओळखू. पोकळ दांड्याचं उभं झुडूप, बदामी लांबट पान, मोडलं की पांढरा चीक. फूल जांभळट गुलाबी, रताळ्याच्या फुलासारखं. दोन्ही एकाच कुळातली. ढोरं तोंड लावत नाहीत. शेळीला सवय लागली तर थरथरते, वाळत जाते, मरतेही.

मूळची ती दक्षिण अमेरिकेतली. इकडे लोकांनी कुंपणाला दांडे खोवले. वीतभर कांडी ओल्या गाळात पडली की मुळं फुटतात. म्हणून छाटून पाण्यात टाकणं म्हणजे तिची लागवडच! उन्हाळ्यात पाणी आटलं की मुळासकट खणायची, उंच कोरड्या जागी कडक वाळवायची, पावसात फुटवे आले की पुन्हा उपटायचे. एका वर्षात ती जात नाही.

आता दाव्याचं. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३ मध्ये पाण्यातले मासे आणि इतर उपज यांचा सामूहिक हक्क आहे. पण काठ बेशरमीनं गिळला तर साहेब म्हणणार, तलाव पडीक आहे, वापरतं कोण? तेव्हा मासे, शिंगाडा, कमळकांदा, जे काढतो ते दाव्यात लिहा. म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब घ्या, नियम १३ मध्ये तो पुरावा धरला आहे. बेशरम काढली त्या दिवसाची तारीख, माणसं, तलावाची बाजू ग्रामसभेच्या रजिस्टरात चढवा, सह्या-अंगठे घ्या. पुढच्या बैठकीला रजिस्टर सोबत आणा.