गार हवा गरम का झाली?



आता गावोगावी भाड्याच्या मोटारी झाल्या आहेत. वैशाखात त्यांतली गार हवा बरी वाटते. पण एके दिवशी ती गरमच येऊ लागते. मग कोणी म्हणतो, "गॅस संपला, भरून घ्या." आम्ही म्हणतो, जरा थांबा! आधी कारण बघा.

माठातले पाणी गार कसे होते? माठ पाझरतो. त्या पाण्याची वाफ होते. वाफ उष्णता घेऊन जाते. मोटारीतही तसेच घडते. नळीतला गॅस आतली उष्णता घेतो आणि पुढच्या जाळीतून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर त्याला फिरवत ठेवतो. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो फार कमी झाला, तर कुठेतरी गळतो आहे असे समजा.

आधी सोपे ते पाहा. जाळीत धूळ, भुसकट अडकले आहे का? जाळीचा पंखा फिरतो का? कॉम्प्रेसर चालू होतो का? नळीच्या सांध्यावर तेलकट डाग आहे का? असला, तर गळती बहुधा तिथेच.

पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरून काय उपयोग? कष्टाचा पैसा हवेत जातो. मिस्त्रीला सांगा, "आधी गळती काढा. मग पंपाने नळ्यांतली हवा ओढा. मगच गॅस मोजून भरा."

नळ्या मात्र स्वतः खोलू नका. गॅसचा फवारा डोळ्यांत गेला, तर डोळा जायचा!

विचारायला लाजू नका. विचारील तो फसणार नाही.