दिवाणी दाव्यांतील कागदपत्रें

पेटींत कागद असला कीं दावा जिंकलाच, अशी पुष्कळांची समजूत असते. पण पेटींतला कागद न्यायाधीशांना दिसत नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा सातवा आदेश असा कीं, वादीची भिस्त ज्या दस्तऐवजांवर असेल ते त्यानें दाव्याबरोबरच यादीसह हजर करावेत. प्रतिवादीवर हेंच बंधन कैफियतीच्या वेळीं येतें. नकला दिल्या असतील तर मूळ कागद मुद्दे ठरेपर्यंत आणावे लागतात. मागाहून आणलेला कागद न्यायालयाच्या परवानगीवांचून पुराव्यांत येत नाहीं. शाळेंत आम्ही घंटेनंतर उत्तरपत्रिका घेत नसूं. त्या मानानें न्यायालय दयाळूच म्हणावयाचें!

पण कागद विरुद्ध पक्षाच्या कपाटांत असेल तर? वाटणीच्या दाव्यांत हें नेहमींचेंच. जमाखर्चाच्या वह्या थोरल्या भावाजवळ, आणि धाकटा रिकाम्या हातानें उभा. त्याच्यासाठीं अकरावा आदेश आहे. आपल्या ताब्यांत दाव्यासंबंधीं कोणकोणते कागद आहेत, तें प्रतिपक्षानें शपथेवर सांगावें, असा हुकूम मागतां येतो. पुढें ते पाहतां येतात, नकलाही घेतां येतात. हुकूम मोडणाऱ्या वादीचा दावा काढून टाकला जाऊं शकतो, प्रतिवादीचा बचाव रद्द होऊं शकतो. एवढें धारदार शस्त्र हातीं असून पक्षकार केवळ साक्षीदारांच्या तोंडाकडे पाहत बसतात, याचें मला नवल वाटतें.

मूळ कागद गेला तो गेला, अशी धास्ती मात्र नको. अपिलाची मुदत टळल्यावर, अपील झालें असल्यास त्याचा निकाल लागल्यावर, अर्ज करून तो परत मिळतो. त्यापूर्वींही प्रमाणित नक्कल देऊन व मागतांच मूळ कागद हजर करण्याची हमी लिहून देऊन मागतां येतो.