चैत्रातील शाळा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फाल्गुन सरत आला की बालाघाटाच्या माळावर पळस फुलतो, कडुनिंबाला मोहोर येतो आणि पेढीपेढीवर वर्षाचे हिशेब जुळविण्याची लगबग सुरू होते. याच दिवसांत गावच्या प्राथमिक शाळेचेही वर्ष सरत असते. शाळा सकाळची होते, परीक्षांची तयारी चालते, पुढील वर्षाच्या पहिलीची नावे घेतली जातात. पेढीच्या ताळेबंदावर घरादाराचे लक्ष असते; शाळेच्या ताळेबंदाकडे मात्र शिक्षकांवाचून फारसे कोणी पाहत नाही. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत शाळेत काय घडते, पुढे काय घडावयाचे आहे आणि त्यात गावाचा वाटा कोणता, एवढाच आजचा विषय आहे.

खर्डा इतिहासात अजरामर झाला तो 11 मार्च 1795 च्या लढाईमुळे. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, नाना फडणिसांच्या मुत्सद्देगिरीने एकवटलेल्या मराठी फौजांपुढे निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि अखेर तह करावा लागला. परंतु या गावाची दुसरी ओळखही तितकीच जुनी आहे, ती पेठेची. इंग्रजी अमलातील गॅझेटियरमध्ये खर्ड्यात पाचशेहून अधिक व्यापारी, सराफ आणि सावकार असल्याची आणि धान्य व देशी कापडाचा मोठा व्यापार चालत असल्याची नोंद आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या टोकावरील या गावाच्या एका अंगाला धाराशिवचा भूम तालुका, दुसऱ्या अंगाला बीडचा पाटोदा. पिढ्यान्‌पिढ्या या पेठेला जगविले ते भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरील गिऱ्हाइकांनी.

त्या गिऱ्हाइकांतील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर गावात नसतात. पर्जन्यछायेच्या या कोरडवाहू टापूत रब्बीची खात्री नसते. म्हणून मुकादमाकडून उचल घ्यावयाची आणि नवरा-बायकोच्या जोडीने, म्हणजे एका कोयत्याने, साखर कारखान्याची वाट धरावयाची, हा येथील रिवाज झाला आहे. आई-वडिलांबरोबर लेकरेही निघतात. फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळावयास नऊ-दहा वर्षांची मुलगी लागते. तिचे दप्तर गावात खुंटीला टांगलेले राहते. गाळप आटोपून ही कुटुंबे परततात ती साधारणतः पाडव्याच्या सुमारास.

येथे शाळेच्या हिशेबातील एक विसंगती लक्षात घ्यावयास हवी. शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदे, 30 सप्टेंबरच्या पटावरून ठरते. त्या दिवशी तोडणी कामगारांची मुले बहुधा गावात असतात आणि पटावर दिसतात. तीन महिन्यांनी, जानेवारीत, त्याच वर्गातील कितीतरी जागा रिकाम्या असतात. वहीतला साठा आणि कोठारातला माल जुळत नसेल तर व्यापारी स्वस्थ बसत नाही. शाळेच्या बाबतीत हा फरक वर्षानुवर्षे तसाच पुढे ओढला जातो, आणि तो ज्याच्या नावावर पडतो ते मूल चौथी-पाचवीत पोचूनही अडखळत वाचते.

म्हणून चैत्राचे महत्त्व. मुले परतली आहेत आणि शाळाही उघडी आहे, असा काळ तोडणी करणाऱ्या घरांच्या वाट्याला वसंतात अगदी थोडा येतो: पाडवा ते एप्रिलअखेर. पूर्वी अनेक शाळांच्या परीक्षा एप्रिलच्या पूर्वार्धातच उरकत. 2025 मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक लागू होऊन परीक्षा 25 एप्रिलपर्यंत चालल्या. उन्हाच्या कारणाने त्यावर नाराजी व्यक्त झाली आणि ती अनाठायी नव्हती. तथापि उशिरा परतणाऱ्या मुलाच्या दृष्टीने शाळेचा प्रत्येक वाढीव दिवस हाती लागलेलाच असतो.

आता येणाऱ्या कार्यक्रमांकडे वळू.

पहिला कार्यक्रम पाडव्याचा. नव्या वर्षाच्या या मुहूर्तावर अनेक जिल्हा परिषद शाळा पटनोंदणीची मोहीम काढतात. 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण करणारे मूल पहिलीस पात्र असते. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याने स्पष्ट केले आहे. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

दुसरा कार्यक्रम शाळापूर्व तयारी मेळाव्याचा. 'पहिले पाऊल' या नावाने 2022 पासून राज्यात हा उपक्रम सुरू झाला. एक मेळावा एप्रिलमध्ये आणि दुसरा जूनमध्ये, अशी त्याची योजना आहे. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन असे सात टेबल मांडले जातात. मूल एकेका टेबलापाशी जाते. उडी मारते, चित्राविषयी बोलते, खडे मोजते. आईला सुट्टीत घरी करून घ्यावयाच्या कृती समजावून दिल्या जातात आणि वस्तीवरील आयांचे माता गट तयार होतात. कोपीतून नुकत्याच परतलेल्या आईला मेळाव्याची वर्दी कोणी दिली नाही तर ती येणार नाही. ही वर्दी किराणा वा कापडाच्या दुकानात, मालाची पुडी बांधता बांधता, सहज देता येते.

तिसरा कार्यक्रम वार्षिक परीक्षेचा आणि 1 मे रोजीच्या निकालाचा. 2023-24 पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद पुन्हा आली असून अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पुनर्परीक्षेची संधी आहे. शिष्यवृत्ती परीक्षा पाचवी-आठवीऐवजी पुन्हा चौथी-सातवीला घेण्याचा निर्णयही शासनाने 2025 मध्ये केला. जाणत्या पालकांनी याची माहिती शेजारच्या घरातही पोचवावी. महाराष्ट्र दिनी ग्रामसभाही असते. सकाळी निकाल ऐकणाऱ्या गावाने त्याच दिवशी ग्रामसभेत शाळेचा विषय काढला, तर तो दिवस सार्थकी लागेल.

चौथा कार्यक्रम जूनमधील प्रवेशोत्सवाचा. त्याची तयारी मात्र एप्रिलमध्येच व्हावयास हवी, आणि कापडाच्या व्यापाऱ्यास हे अधिक समजावून सांगावे लागत नाही. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी प्रति विद्यार्थी 600 रुपये मिळतात. 2024-25 मध्ये कापडाची एकत्रित खरेदी करून ते बचत गटांकडून शिवून घेण्याची पद्धत आली, पण अनेक ठिकाणी गणवेश वेळेवर पोचले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविली. 300 रुपयांत एक जोड बसवावयाचा तर ठोक भाव, कापडाचा पन्हा आणि शिलाई यांचा मेळ आधी घालावा लागतो. एप्रिलमध्ये मापे घेतली तर मे महिन्यात, लग्नसराईतून सवड काढून, शिंपी ती शिवू शकतो. मूल दोन महिन्यांत वाढते, म्हणून शिवणीत थोडी माया अधिक सोडावी लागते. हे ज्ञान पेठेजवळ आहे. ते समितीच्या हाती विनामूल्य द्यावे.

या समितीविषयीही दोन शब्द. कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. परंतु तोडणीस जाणाऱ्या घरातील सदस्य सहा महिने बैठकीस येऊच शकत नाहीत. त्यांच्या मुलांविषयीचे निर्णय त्यांच्या अनुपस्थितीत होतात. तेव्हा वर्षातील सर्वांत महत्त्वाची बैठक एप्रिलमध्ये घ्यावी, हे उचित ठरेल.

त्या बैठकीपुढे एकच विषय अग्रक्रमाने यावा: येत्या दिवाळीनंतर कोणते मूल गावात राहणार आणि कोणाजवळ? शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-वडील तोडणीस गेले तरी मूल आजी-आजोबांजवळ किंवा नातलगांकडे राहते, गावच्याच शाळेत शिकते, दुपारी शाळेतील पोषण आहार घेते आणि उरलेल्या वेळच्या जेवणाची सोय समितीमार्फत होते. ही योजना उत्तम आहे. तिच्या आड येतो तो उशीर. कुटुंबे उचल घेतात ती पावसाळ्यात. उचल घेताना लेकराचे काय करावयाचे हे मनात ठरून जाते. यादी दिवाळीला करू लागल्यास बैलगाडी अन् ट्रॅक्टर निघून गेलेले असतात. यादी वसंतातच झाली पाहिजे.

समाजाला हा मार्ग नवा नाही. कुंभोज येथील जैन कुटुंबात 1887 मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. गरिबाच्या मुलाला शाळेची वाट दाखवून भागत नाही, त्याच्या निवासाची आणि दोन घासांची सोय करावी लागते, हे त्यांनी ओळखले. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. त्या मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, प्रसंगी मंगळसूत्रही, दिले. त्या त्यागापुढे आज येथे जे मागावयाचे आहे ते फारच अल्प आहे.

ते इतकेच. एप्रिलच्या मेळाव्यास प्रत्येक पेढीतील एक तरी व्यक्ती उपस्थित राहावी. गणवेशाची मापे पाडव्यानंतर पंधरवड्याच्या आत घेतली जावीत. दिवाळी ते पाडवा या काळात गावात राहणाऱ्या मुलांच्या रात्रीच्या जेवणात जे कमी पडेल ते धान्य, तेल, डाळ पेठेने पुरवावे. भगिनींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या मुलांचे वाचन घ्यावे. ज्यांची स्वतःची मुले-नातवंडे आता शहरातील इंग्रजी शाळांत जातात, त्यांचाही यात वाटा आहे. कारण ज्या माणसांच्या पैशावर ती फी भरली जाते, त्यांचीच ही लेकरे आहेत.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग खराच. परंतु पुढील पाडव्याला मेळाव्याच्या टेबलापाशी किती मुले उभी आहेत आणि त्यांतील किती जण मधल्या जानेवारीतही वर्गात होते, हे मोजण्याचे काम आजपासून हाती घेतले, तर येणाऱ्या वर्षाचा आरंभ चांगल्या जमेने होईल.