‘काय होवचा नाय’ म्हणण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीच्या देवबाग सहलीच्या निमित्ताने केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत. बोटींच्या तपासणीत माझी नोकरी गेली, म्हणून उद्याच्या सहलीबद्दल चार शब्द सांगायचे काम माझ्याकडे आले. गाणी आणि जेवण यांच्या मध्ये मी उभा आहे याची मला कल्पना आहे, तेव्हा लांबण लावत नाही.

आज सकाळी नोंदणी संपली तेव्हा आपण ठरल्यापेक्षा ११ जण जास्त झालो. आनंदच आहे. पण त्यानंतर चहाच्या टेबलावर मी एक वाक्य ऐकले: ‘बोटी ठरल्यात तेवढ्याच ठेवा, चार-चार माणसां जास्त घेतली तर काय होवचा नाय!’ हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकले आहे. आज मी त्या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे.

बोटीवर किती माणसे बसवायची हा आकडा कोणी मनाने ठरवत नाही. बोट पाण्यात किती बसते, तिचा काठ पाण्याच्या वर किती राहतो, ती कलली तर परत सरळ होते का, हे पाहून तो ठरतो. माणसे वाढली की काठ खाली येतो. मग साधी लाटही आत येते. आत आलेले पाणी एका जागी राहत नाही. परातीत पाणी घेऊन चाला, परात जरा कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते. बोटीच्या तळात हेच होते, आणि ती आणखी कलते. त्यात माणसे घाबरून उभी राहिली की वजन वर जाते. पुढचे काही सेकंदांत होते.

२००९ साली केरळात थेक्कडीच्या तलावात पर्यटकांची बोट उलटून ४५ जण गेले. काठावरची जनावरे पाहायला लोक एका बाजूला सरकले आणि बोट कलंडली, असे वाचलेल्यांनी सांगितले. उद्या कोणी ‘डॉल्फिन!’ म्हणून ओरडेल. तेव्हा बसूनच मान वळवा. फोटो थोडा वाकडा आला तरी चालेल.

२०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बोटीतून निघाली होती. बोट उलटली आणि १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना याबद्दल मी वेगळे काही सांगायला नको. सहलीला निघताना दर थांब्यावर त्यांनी आपली हजेरी घेतली, म्हणून आपण आज इथे पुरे भरलो आहोत.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. १५ जीव गेले. धडक देणारी बोट दुसरी होती, नीलकमलमधल्या प्रवाशांच्या हातात काहीच नव्हते. त्यांच्या हातात एकच गोष्ट असू शकत होती, ती म्हणजे अंगातले जॅकेट. पण जॅकेट जवळ असणे आणि अंगात असणे यात फार फरक आहे. बाकाखाली ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर शोधून, गळ्यात घालून, पट्टे लावणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून जॅकेट धक्क्यावरच घालायचे, सगळे पट्टे लावायचे, आणि शेजाऱ्याने खांद्याला धरून वर ओढून पाहायचे. कानापर्यंत वर सरकले तर ते सैल आहे. नातवंडांना लहान मापाचेच हवे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जाते.

आता कायद्याचे थोडे. खाडीत, नदीत, तलावात चालणाऱ्या यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. नोंदणी, ठराविक मुदतीने तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र, या चार गोष्टी त्याच्या मुळाशी आहेत. आपल्या किनाऱ्यावर हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. मासेमारीच्या परवान्यावर पर्यटक फिरवता येत नाहीत. केरळातच तानूरला मे २०२३ मध्ये उलटलेली बोट मुळात मासेमारीची होती. ती पर्यटकांसाठी बदलून घेतली होती आणि अंधार पडताना भरून निघाली होती. त्यात २२ जण गेले.

पावसाळ्यात, मेअखेर ते ऑगस्टअखेर, प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. किल्ल्याच्या होड्याही बंद. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे यावर कुरकुर करतात. पण नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही, हे आपल्या आजोबांना कोणत्या कायद्याने सांगितले होते?

आपल्यापैकी तिघा-चौघांनी घरगुती निवास सुरू केले आहेत, दोघांनी स्वतःच्या बोटी घेतल्या आहेत. त्यांच्यासाठी थोडे. समोरासमोर आलात तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे. आडवी जाणारी बोट तुमच्या उजव्या हाताला असेल तर वाट तुम्ही द्यायची. रात्री तिचा लाल दिवा दिसेल, तो आपल्याला थांबायचा इशारा समजा. ज्याला मागे टाकता आहात त्याच्यापासून दूर राहायची जबाबदारी तुमची. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय वेगवान बोट सुरू करू नका. चालवणारा पाण्यात पडला आणि इंजिन चालू राहिले, तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. पोहणाऱ्यांजवळ आणि जाळ्यांजवळ वेग कमी करा. ती जाळी आपल्याच कोणाच्या तरी घरची असतात.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, ती जागा सुंदर आहे आणि तेवढीच लहरी. तिथे वाळूचे बांध सरकत असतात. ओहोटीचे पाणी जोरात बाहेर पडते आणि समोरून लाट येते, तेव्हा खाडीच्या तोंडाशी पाणी उभे राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच. या दिवसांत दुपारनंतर वाराही चढतो. म्हणून आपली सहल सकाळची ठेवली आहे, आणि तोंडाबाहेर जायचे की नाही ते तांडेल ठरवील. तो ‘नको’ म्हणाला की विषय संपला. त्याला आग्रह करू नका, जास्त पैसे तर मुळीच दाखवू नका. इतकी वर्षे तपासणी करताना मी पाहिले, नियम मोडणारा तांडेल पुष्कळदा प्रवाशांनीच तयार केलेला असतो. त्याचे पोट हंगामावर आहे. समोर १० माणसे ‘घे मरे’ म्हणत उभी राहिली की त्याला नाही म्हणणे जड जाते. ते त्याच्यासाठी आपण सोपे करू या.

तेव्हा उद्याची व्यवस्था अशी. ११ जणांसाठी दुसरी फेरी होईल. पहिल्या फेरीत गुरुजन आणि लहान मुले, दुसऱ्या फेरीत उरलेले. प्रत्येक बोटीवर एक मॉनिटर, जुन्या हजेरीपटाप्रमाणे. चढताना आणि उतरताना मोजणी. प्रवाशांची यादी आणि परतायची वेळ धक्क्यावर थांबणाऱ्या माणसाकडे राहील. आज रात्री ज्यांना मैफल रंगवायची आहे त्यांनी रंगवावी, पण बोटीवर बाटली येणार नाही, आणि ज्याची उतरलेली नसेल तो धक्क्यावर बसून यादी सांभाळील.

आणि समजा बोट उलटलीच, तर तिला धरून राहायचे. किनारा जवळ दिसतो, पण तो दिसतो तितका जवळ नसतो. मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, नाहीतर ११२. तिन्ही क्रमांक आत्ता मोबाइलमध्ये घालून घ्या, मी थांबतो.

झाले? मग सकाळी ठीक ७ वाजता धक्क्यावर. बाईंनी हजेरी घ्यायचे कबूल केले आहे, त्यामुळे उशिरा येणाऱ्याचे काय होते ते मला सांगायला नको.