दुकानातली पाटी

आमच्या बचत गटाचं किराणा दुकान तुमच्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. आज त्या दुकानातल्या एका पाटीची गोष्ट सांगायची आहे.

दुकान काढलं तेव्हा सगळीकडे असते तशी पाटी आम्हीही लावली: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' एके दिवशी वाडीवरच्या आजी रव्याचा पुडा घेऊन आल्या. रव्यात अळ्या, जाळ्या. आमच्यातल्या एकीनं नुसतं पाटीकडं बोट दाखवलं. आजी गुमान परत गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या सुना आणि शेजारणीही तुटल्या. एका पुड्यासाठी आम्ही पाच-सहा घरांचा महिन्याचा बाजार घालवला.

मग प्रशिक्षणात कळलं, की ही पाटीच चुकीची. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020पासून लागू झाला. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मागूनही बिल न देणं हीसुद्धा तशीच.

त्या दिवशी पाटी उतरवली. आता लहान खरेदीचंही बिल देतो. वजनकाट्याचे आकडे गिऱ्हाइकाला दिसतील असा काटा फिरवून ठेवलाय. जिला वाचता येत नाही तिला पुड्यावरची किंमत आणि तारीख वाचून दाखवतो. सुट्ट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर ठेवत नाही. पोर सामानाला आलं तरी त्याला मागं सारून मोठ्यांना आधी देत नाही. यातल्या कशालाच फार खर्च आला नाही.

नवा पुडा घेऊन आम्ही दोघी आजींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "बायांनो, रव्यात किडे कुणाच्याही घरी होतात. पण तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही."

ते वाक्य आम्ही गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकीला सांगतो.

तुम्ही खरेदीला जाल तेव्हा बिल मागा, जपून ठेवा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फिरवा. आणि आमच्या दुकानात काही चुकलं तर आधी आम्हाला सांगा. आम्ही ऐकून घेऊ.