घरचं माणूस आजारी असताना जोडधंदा कसा सांभाळावा?



जिवतीच्या डोंगरावर कापूस, सोयाबीन, तूर ही आपली पिकं. पावसानं साथ दिली तर घरात येतात. म्हणून कित्येक घरांत किराणा, पिठाची चक्की, शिवणयंत्र किंवा शेळ्या असा जोडधंदा असतो आणि तो नवरा-बायको मिळून चालवतात. मग दोघांतलं एक जण अंथरुणाला खिळलं, तर दुसऱ्यानं काय करावं?

पहिली गोष्ट भांडवलाची. कितीही ओढाताण असली तरी शहाणा शेतकरी बियाणं खात नाही. धंद्याचं भांडवल हेही बियाणंच. समजा, दिवसाअखेर गल्ल्यात हजार रुपये जमले आणि तो माल नऊशेला आणलेला होता, तर कमाई शंभरचीच. नऊशे पुन्हा मालात घाला, शंभर घराला व दवाखान्याला. त्यासाठी दोन वेगळे डबे ठेवा. जिवावरच बेतलं तर भांडवल मोडावं लागेल, जिवापुढं दुकान काय! पण जो उपचार फुकट मिळतो, त्यासाठी ते मोडू नका.

आता फुकट काय मिळतं, ते ऐका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं तिथं मोफत आहेत. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने चालतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. रोग्याच्या आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये बँक खात्यात जमा होत असत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. नोंद झाली की आधार कार्ड आणि पासबुक दाखवून याची विचारणा करा.

गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं काही जण खोकला लपवतात. तसं करू नका. हा रोग हवेतून पसरतो, मालाला हात लागल्यानं नव्हे. औषध नियमित सुरू झालं की काही आठवड्यांतच लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. डॉक्टर सांगत नाहीत तोवर रोग्यानं बंदिस्त दुकानात बसू नये आणि चक्कीच्या पिठाच्या धुळीत तर नाहीच. घरातल्या सर्वांची तपासणीही करून घ्या.

मोठा आजार असेल, शस्त्रक्रिया लागणार असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या आजारांवर तिच्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड, आधार घेऊन जा आणि पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

दुसरी गोष्ट: धंदा बंद करू नका, लहान करा. दुकान दिवसभर उघडं ठेवण्याऐवजी सकाळी दोन तास, सायंकाळी दोन तास ठेवा. चक्की आठवड्यातून ठराविक तीन दिवस चालवा आणि ते वार पाटीवर लिहा. मीठ, तेल, साखर, साबण असा रोज खपणारा माल ठेवा. पडून राहणारा आणू नका. गडचांदूरला किंवा चंद्रपूरला दवाखान्यात जायचं असेल, त्याच फेरीत माल आणा.

तिसरी गोष्ट उधारीची. उधारी एकाच्याच डोक्यात राहिली आणि तोच माणूस आजारी पडला, तर पैसा बुडालाच समजा. वही दोघांना वाचता येईल अशी लिहा. कापूस विकला जातो त्या दिवसांत वसुलीला निघा. बँकेचं खातंही दोघांच्या नावे हवं.

शेवटची गोष्ट सावकाराची. जिवती भागात जमिनीच्या पट्ट्यांच्या घोळापायी अनेकांना बँकेचं कर्ज मिळणं कठीण गेलं आहे. पण शेकडा पाच महिन्यानं २० हजार काढले, तर वर्षाला १२ हजार नुसतं व्याज होतं. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर शेकडा ९ आणि विनातारण शेकडा १२ यापेक्षा जास्त घेता येत नाही. आधी बचत गटात विचारा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. कुणी लुबाडत असेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करा.

बायांनो, धनी आजारी असला तर गल्ल्यावर बसायला लाजू नका. आणि गड्यांनो, बायको आजारी असेल तर चूल पेटवायला तुम्हीही लाजू नका. औषध वेळेवर, हिशेब रोजच्या रोज, एवढं सांभाळा. माणूस उठून बसलं की त्याचा धंदा त्याला जागेवर सापडला पाहिजे.

रामराम!